पित्ताची गोळी आणि पेग: स्ट्रिपवर काय वाचायचं, ग्लासात काय मोजायचं

"बसायच्या आधी एक पॅन-फॉर्टी टाक, म्हणजे सकाळी पित्त होणार नाही." हा सल्ला पार्टीच्या दिवशी कुणी ना कुणी देतोच. दुसरीकडे कुणीतरी ठामपणे सांगतो की पित्ताची गोळी घेऊन प्यायलं तर दारू दुप्पट चढते. दोन्ही विधानांत थोडं तथ्य आहे, पण गोळी कोणती आणि दारू किती, हे कळल्याशिवाय दोन्ही निरुपयोगी आहेत. पहिल्या सल्ल्यावर विसंबून प्यायलं तर जठराला इजा होत राहते आणि कळतही नाही. दुसऱ्या भीतीपोटी लोक चुकीच्या औषधाला घाबरतात आणि ज्याला खरंच घाबरायला हवं ते बिनदिक्कत घेतात.

दारू शरीरात कुठे, किती जिरते

प्यायलेल्या दारूपैकी साधारण पाचवा हिस्सा जठरातून रक्तात जातो. उरलेली लहान आतड्यातून जाते, आणि तिथे हे काम फार झपाट्याने होतं. म्हणून दारू जठरात जितकी जास्त वेळ थांबेल तितकी ती हळू चढते. पोटात जेवण असेल तर जठराचं खालचं तोंड आवळलेलं राहतं आणि दारू थोडी थोडी पुढे सरकते. उपाशीपोटी ती काही मिनिटांत आतड्यात उतरते.

जठराच्या आतल्या अस्तरात अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम असतं, थोड्या प्रमाणात. दारू रक्तात पोहोचण्याआधीच ते तिचा काही भाग मोडून टाकतं. आतड्यातून निघालेलं रक्तही आधी यकृतातूनच जातं आणि तिथेही थोडी कपात होते. या दोन्ही कपाती मिळून जे घडतं त्याला डॉक्टर 'फर्स्ट पास' म्हणतात. त्यात जठराचा वाटा किती आणि यकृताचा किती, यावर संशोधकांमध्ये बरेच वाद झाले आहेत. एका गोष्टीवर मात्र एकमत आहे: ही कपात दारू थोडी असताना आणि पोट भरलेलं असतानाच दिसते. जास्त प्यायलं किंवा उपाशीपोटी प्यायलं की ती जवळपास नाहीशी होते.

पुढचं काम यकृताचं. नव्वद टक्क्यांहून जास्त दारू तिथेच मोडते. पहिल्या पायरीत तिचं अॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी असतं. दुसऱ्या पायरीत दुसरं एन्झाइम त्याचं निरुपद्रवी अॅसिटेट करतं. रक्तातली पातळी ताशी साधारण १५ मिलिग्रॅम प्रति १०० मिलिलिटर या वेगाने उतरते. कुणाची १०, कुणाची २०. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा पित्ताची कुठलीही गोळी, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही.

स्ट्रिप उलटी करून वाचा

समोर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने दिलेलं नाव. कामाचं असतं ते मागच्या बाजूला, चांदीच्या कागदावर, बारीक अक्षरात. कात्रीने एकेक गोळी कापून दिली असेल तर नेमकं तेच नाव अर्धवट कापलेलं असतं. मेडिकलवाल्याकडून शक्यतो पूर्ण पट्टी घ्या. ते नको असेल तर निदान सगळी नावं बिलावर लिहून घ्या.

अॅसिडवरच्या औषधांची तीन घराणी आहेत.

पहिलं अँटासिडचं: जेलुसिल, डायजीन, इनो. ही औषधं अॅसिड बनणं थांबवत नाहीत, बनलेलं अॅसिड तिथल्या तिथे मारतात. दारूच्या पचनावर त्यांचा लक्षात येण्याजोगा परिणाम होत नाही. काही मिनिटांत आराम पडतो, पण उपाशीपोटी घेतलं तर तो अर्धा-पाऊण तासच टिकतो. इनोसारख्या सोड्याच्या पुडीत पाऊण ग्रॅमहून जास्त सोडियम असतं, त्यामुळे रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी ती सवयीने घेऊ नये. गच्च जेवण आणि चार ग्लास बिअर झाल्यावर तर कुणीच घेऊ नये. आधीच ताणलेल्या जठरात एकदम गॅस सुटतो. त्यातून आराम कमी मिळतो आणि उलटीच लवकर होते.

दुसरं घराणं एच-टू ब्लॉकर्सचं, म्हणजे अॅसिड बनवायला सांगणाऱ्या हिस्टामिन या द्रव्याचा इशारा अडवणाऱ्या औषधांचं: रॅनिटिडिन (रँटॅक, अॅसिलॉक, झिनेटॅक), फॅमोटिडिन (फॅमोसिड) आणि आता क्वचित दिसणारं सिमेटिडिन. दारूशी ज्यांचा थेट संबंध जोडला गेला ती हीच.

तिसरं घराणं पीपीआयचं, म्हणजे अॅसिड सोडणारे जठरातले पंप बंद करणाऱ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्राझोल' येतं त्या औषधांचं: ओमेप्राझोल (ओमेझ), पँटोप्राझोल (पॅन), रॅबेप्राझोल (रॅझो), इसोमेप्राझोल (नेक्सप्रो). दारू मोडणाऱ्या एन्झाइमला ती अडवत नाहीत. ओमेप्राझोलवर माणसांमध्ये चाचण्या झाल्या, रक्तातल्या दारूच्या पातळीत फरक पडला नाही. म्हणजे नुसतं 'पँटोप्राझोल ४०' लिहिलेली गोळी घेतली म्हणून दारू जास्त चढणार नाही. पण स्ट्रिपवर पँटोप्राझोलच्या पुढे आणखी काही लिहिलं आहे का, हे आधी बघा. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

रॅनिटिडिनचा मुद्दा नेमका काय आहे

सिमेटिडिन आणि रॅनिटिडिन जठरातल्या एन्झाइमला अडवतात, असं प्रयोगशाळेत दिसलं. १९९२ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. त्यात आठवडाभर औषध दिल्यावर निरोगी माणसांना न्याहरीनंतर वजनाच्या किलोमागे ०.३ ग्रॅम अल्कोहोल दिलं होतं. रॅनिटिडिनवर असताना रक्तातली सर्वोच्च पातळी सुमारे एक तृतीयांशाने वाढली, सिमेटिडिनवर त्याहून जास्त. फॅमोटिडिनने फारसा फरक पडला नाही. ६५ किलोच्या माणसाला हे प्रमाण साधारण एका मोठ्या पेगाइतकं होतं.

एक तृतीयांश ऐकायला मोठं वाटतं. पण भरल्या पोटी एक पेग, तोही जठरात थोडा कापला गेलेला, म्हणजे मुळातली पातळीच लहान. तिचा तिसरा हिस्सा अजून लहान. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा फरक दिसलाच नाही, आणि दारूचं प्रमाण वाढवल्यावर (किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे अडीच मोठे पेग) तो उरलाच नाही. मोठ्या मात्रेत जठराचं एन्झाइम तसंही नगण्यच कापतं, मग ते अडलं काय आणि न अडलं काय.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दारू एकदम न देता थोडी थोडी, पाऊण पाऊण तासाने चार वेळा दिली होती. रॅनिटिडिन घेतलेल्यांत पातळी चढत गेली आणि लक्ष व हालचाली मंदावतील इथपर्यंत पोहोचली. चकण्याबरोबर दोन-तीन तास रेंगाळत पिण्याची पद्धत हीच. अशा बैठकीत दर घोटाला होणारी छोटी कपात थांबली तर ती साचत जाते. त्यामुळे रॅनिटिडिन चालू असलेल्याने 'मी हळूहळू पितोय, मला काही होत नाही' हा हिशोब धरू नये.

तसंही रॅनिटिडिन बदलून घ्यायला दुसरं कारण आहे. त्यात एनडीएमए हे कर्करोगकारक अशुद्ध द्रव्य तयार होतं असं आढळल्यावर अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं. भारतात सप्टेंबर २०२२ च्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळलं गेलं, पण दुकानात ते अजून मिळतं. घरातल्या डब्यात जुनी पट्टी पडली असेल तर डॉक्टरांना विचारून फॅमोटिडिनवर या.

नावामागची अक्षरं

आपल्याकडे साधी पँटोप्राझोल फार थोड्या लोकांच्या हातात पडते. पडते ती जोडगोळी. नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर आत डॉम्पेरिडोन आहे. 'एल' किंवा 'एलएस' असेल तर बहुधा लेवोसल्पिराइड, 'आयटी' असेल तर आयटोप्राइड. ही अक्षरं सगळ्या कंपन्या सारखीच वापरतीलच असं नाही, म्हणून मागचं बारीक नाव वाचणं चुकवू नका. दारूच्या दृष्टीने अॅसिडवरच्या औषधापेक्षा हा दुसरा जोडीदार महत्त्वाचा असतो.

डॉम्पेरिडोनचं कामच जठर लवकर रिकामं करणं हे आहे. आंबट ढेकर आणि मळमळ त्यानेच थांबते. पण जठर लवकर रिकामं झालं की दारूही लवकर आतड्यात जाते. म्हणजे जेवणामुळे मिळणारा आधार तुम्ही स्वतःच थोडा काढून घेता. याहून गंभीर बाब हृदयाची. डॉम्पेरिडोनमुळे काही लोकांत हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय बिघडू शकते, आणि शरीरात पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी असेल तर हा धोका वाढतो. रात्रभर पिऊन सकाळी पाच-सहा उलट्या झालेल्या माणसात नेमकं तेच कमी झालेलं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी घरचे त्याला उलटी थांबावी म्हणून डॉम्पेरिडोन देतात. कित्येक जोडगोळ्यांत एका कॅप्सूलमध्ये ३० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दिवसाची कमाल मात्रा एकाच वेळी. हृदयविकार असेल, साठी ओलांडली असेल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर हे स्वतःच्या मनाने घेऊ नका.

लेवोसल्पिराइड मेंदूवरही काम करतं आणि सुस्ती आणतं. दारूबरोबर ती सुस्ती वाढते.

पोटात मुरडा आणि गॅस म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असतं, बहुतेकदा क्लिडिनियम आणि डायसायक्लोमिनबरोबर. लिब्रॅक्स आणि नॉर्मॅक्सिन ही त्यातली परिचित नावं. क्लोरडायझेपॉक्साइड हे झोपेच्या गोळ्यांच्या घराण्यातलं औषध आहे. दारूही मेंदूला तशीच दाबते. दोन्ही एकत्र आले की गाढ गुंगी येते, श्वास मंदावतो, आणि उलटी श्वासनलिकेत जाऊन माणूस गुदमरू शकतो. 'पोटाचीच तर गोळी आहे' म्हणून हे औषध घेऊन प्यायला बसणारे लोक खूप आहेत. घरात कुणी ही गोळी घेत असेल तर आजच त्यांना हे सांगा. ती चालू असताना दारू अजिबात नको.

मग टिनिडाझोल आणि मेट्रोनिडाझोल. जुलाब, आमांश, दातदुखी यांवर ही जंतुनाशकं देतात, आणि जठरातल्या एच. पायलोरी जंतूसाठी दिल्या जाणाऱ्या किटमध्येही पित्ताच्या गोळीशेजारी यातलं एखादं असू शकतं. त्या किटमधल्या इतर गोळ्या दारूशी थेट भांडत नाहीत, पण ही भांडते: चेहरा लाल, डोकं फुटेल असं दुखणं, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. प्रत्येकाला होतंच असं नाही, पण कुणाला होईल हे आधी ओळखता येत नाही. शेवटची गोळी घेतल्यानंतर पूर्ण तीन दिवस, म्हणजे ७२ तास, थेंबही घेऊ नका. इथे खोकल्याचं अल्कोहोल असलेलं सिरप आणि आयुर्वेदिक आसव-अरिष्टंही मोजायची. द्राक्षासव, कुमारीआसव यांत आंबवण्याच्या क्रियेतून अल्कोहोल तयार झालेलं असतं, साधारण ५ ते १० टक्के.

ग्लासातलं मोजा

गोळीच्या परिणामावर तासभर चर्चा होते आणि पेग मात्र बोटाने मोजला जातो. खरा फरक तिथे पडतो. हिशोब असा करायचा: मिलिलिटर गुणिले टक्केवारी, भागिले १००, गुणिले ०.७९. उत्तर येतं ग्रॅममध्ये.

६० मिलिलिटर व्हिस्की किंवा रम, ४२.८ टक्के: साधारण २० ग्रॅम. काजू फेणीही सहसा याच टक्केवारीची असते. क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर: ६१ ग्रॅम. ६५० मिलिलिटरची ५ टक्क्यांची बिअर: २६ ग्रॅम. तीच बाटली ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची असेल तर ४१ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे पेग. 'मी फक्त एक बिअर घेतली' म्हणणाऱ्याने बाटलीवरची टक्केवारी वाचली पाहिजे. १५० मिलिलिटर वाइन, १२ टक्के: १४ ग्रॅम. घरी ओतताना ३०-६० चं मापाचं भांडं वापरा. अंदाजाने ओतलेला मोठा पेग सहज ८० मिलिलिटरच्या पुढे जातो.

आता रक्तातली पातळी. ग्रॅमला (वजन गुणिले शरीरातल्या पाण्याचा गुणांक) याने भागा आणि १०० ने गुणा, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम ते कळतं. गुणांक पुरुषांसाठी साधारण ०.६८ आणि स्त्रियांसाठी ०.५५. ६५ किलोच्या पुरुषाने एक मोठा पेग घेतला: २० भागिले (६५ × ०.६८ = ४४), म्हणजे ०.४५, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. ५५ किलोच्या स्त्रीचा तोच पेग ६६ मिलिग्रॅमपर्यंत जातो. हे सगळी दारू लगेच रक्तात उतरली असं धरून आलेले कमाल आकडे आहेत. जेवून, हळू प्यायलं तर प्रत्यक्ष पातळी याखाली राहते.

या हिशोबात गोळी कुठे बसते? भरल्या पोटी जठर आणि यकृताने मिळून १० टक्के कापले असं धरलं तर ४५ चे ४० होतात. गोळीने ही कपात पूर्ण थांबवली तरी फरक ५ मिलिग्रॅमचा. दुसरा पेग घेतला तर फरक ४५ चा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. वरचा हिशोब बघा: एक मोठा पेग या मर्यादेच्या पलीकडे नेऊ शकतो, गोळी असो वा नसो. पित्ताच्या गोळीने ब्रेथ अॅनालायझर खोटा 'पॉझिटिव्ह' येत नाही. नुकती दारू पिऊन ढेकर आली असेल तर तोंडातल्या वाफेने आकडा काही मिनिटं फुगू शकतो, इतकंच. प्यायल्यावर गाडी चालवायची नाही, एवढाच नियम पाळण्यासारखा आहे.

त्या दिवशी काय करायचं

पीपीआय चालू असेल तर ती नेहमीच्या वेळेलाच घ्या, सकाळच्या न्याहरीच्या अर्धा ते एक तास आधी, उपाशीपोटी. अॅसिडचे पंप जेवणाने जागे होतात आणि गोळी जाग्या पंपांनाच बंद करते. म्हणून रात्री अकराला जळजळ सुरू झाल्यावर घेतलेली पँटोप्राझोल त्या रात्री फारसं काही करत नाही. पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस रोज घ्यावी लागते. गोळी चावू नका, फोडू नका. तिच्यावरचं आवरण तिला जठरातल्या अॅसिडपासून वाचवण्यासाठीच असतं.

जळजळीचा त्रास असणाऱ्याला संध्याकाळी काही हवंच असेल तर फॅमोटिडिन २० मिलिग्रॅम, जेवणाच्या तासभर आधी, हा दारूशी सर्वांत कमी गुंता असलेला पर्याय. किडनीचा आजार असेल तर मात्रा डॉक्टरांनी ठरवायची.

बसण्याआधी खरं जेवण करा. तळलेला चकणा आणि शेंगदाणे म्हणजे जेवण नव्हे. भात, डाळ, अंडी किंवा मासे, दही, असं काहीतरी पोटात हवं. तिखट रस्सा आणि दारू ही जोडी जळजळ असणाऱ्याने टाळावी. दारूमुळे अन्ननलिकेची खालची झडप सैल पडते. त्यात पोट भरल्याबरोबर आडवं झालं की अॅसिड वर येतं. शेवटचा घास आणि अंथरूण यात तीन तास ठेवा. सोड्यात मिसळलेली दारू काही लोकांत लवकर रक्तात जाते, म्हणून साधं पाणी बरं.

सकाळी डोकं दुखतं म्हणून डिस्प्रिन किंवा कॉम्बिफ्लाम घेऊ नका. अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन दोन्ही दारूने दुखावलेल्या जठराला रक्तस्रावाकडे ढकलतात. पिण्याआधी घेतलेली अॅस्पिरिन तर रक्तातली दारूही वाढवू शकते, भरल्या पोटी झालेल्या चाचणीत ते दिसलं आहे. म्हणजे ज्या गुणासाठी पित्ताच्या गोळीला दोष दिला जातो तो डोकेदुखीच्या गोळीतही आहे. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलही असतं, आणि रोज पिणाऱ्याच्या यकृतावर त्याचा भार पडतो. पाणी, ओआरएस, पेज, झोप.

गोळी काय झाकते

पिण्याआधी गोळी घेऊन अॅसिड कमी होतं, पण दारू जठराच्या अस्तराला स्वतंत्रपणे इजा करतेच. जळजळ थांबते आणि इजा चालू राहते. म्हणून जळजळ नाही हे ठीक असल्याचं लक्षण मानू नका. पुढच्या खुणा दिसल्या तर घरी गोळी देत बसू नका, महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडे १०८ ला फोन करा: उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं काही, डांबरासारखी काळी चिकट शौच (लोहाची गोळी चालू असली तरी चिकट आणि उग्र वासाची असेल तर दाखवाच), वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत घुसणारी सतत वेदना, जी पॅन्क्रियाटायटिसची (स्वादुपिंडाला आलेल्या सुजेची) असू शकते, आणि छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ. या शेवटच्याला 'गॅस झालाय' म्हणून इनो देण्यात घालवलेला अर्धा तास जिवावर बेततो.

चेहरा लाल होणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. चीन, जपान, कोरियातल्या सुमारे तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांत दुसऱ्या पायरीचं एन्झाइम जन्मतः कमजोर असतं. दारू घेताच त्यांच्यात अॅसिटाल्डिहाइड साचतं आणि चेहरा तापतो. लाली लपवण्यासाठी आधी फॅमोटिडिन घेण्याची युक्ती इंटरनेटवर फिरते. ती गोळी फक्त हिस्टामिनचा परिणाम दाबते, अॅसिटाल्डिहाइड होतं तिथेच राहतं. ते कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात मोडतं, आणि अशा लोकांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. महाराष्ट्रात हे जनुक फार विरळ आहे. तरी कुणाला दोन घोटांत लाली आणि धडधड होत असेल तर ती दाबू नये, ग्लास खाली ठेवावा.

रोजची गोळी आणि रोजची दारू

अॅसिड जंतू मारतं. महिनोन्महिने पीपीआय घेतल्याने अॅसिड कमी राहिलं की तोंडातले जंतू जठरात टिकतात, आणि दारू मिळाली की तेच तिचं अॅसिटाल्डिहाइड करतात. फिनलंडमध्ये २००० साली लॅन्सोप्राझोल आठवडाभर देऊन केलेल्या प्रयोगात जठरातल्या द्रवात हे अॅसिटाल्डिहाइड वाढलेलं दिसलं. म्हणजे पीपीआय रक्तातली दारू वाढवत नसली तरी जठरातलं विष वाढवू शकते. २०१७ च्या एका अभ्यासात अॅसिड दाबलेल्या उंदरांच्या आतड्यात एंटेरोकॉकस जंतू माजले आणि दारूने होणारी यकृताची हानी वाढली. डेन्मार्कमधल्या दारूच्या व्यसनी रुग्णांच्या नोंदींतही पीपीआय घेणाऱ्यांत यकृताचा आजार जास्त आढळला. पण नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही. तरी सिरॉसिस (यकृत कायमचं निबर होणं) झालेल्याने गरज नसलेली पीपीआय चालू ठेवू नये, कारण पोटात साचलेल्या पाण्यात जंतुसंसर्ग होण्याची भीती वाढते. बी-१२ आणि मॅग्नेशियम गोळी आणि दारू दोन्हींनी घटतं: पायाला मुंग्या, पोटऱ्यांत गोळे, धडधड असेल तर रक्त तपासून घ्या.

जठराचं बायपास किंवा जठर काढण्याचं ऑपरेशन झालेल्यांना वरचा कुठलाही हिशोब लागू नाही. त्यांची दारू सरळ आतड्यात पडते, काही मिनिटांत शिखर गाठते, आणि एका छोट्या पेगातही ते गाडी चालवण्याची मर्यादा ओलांडू शकतात. अशा रुग्णांना बहुतेकदा पीपीआय चालू असते, आणि दोष तिला दिला जातो.

डॉक्टरकडे जाताना रिकाम्या पट्ट्या बरोबर न्या आणि आठवड्याला किती मिलिलिटर, किती टक्क्यांची, हे स्पष्ट सांगा. 'कधीतरी घेतो' या उत्तरावरून औषध ठरवता येत नाही. आठ आठवड्यांहून जास्त घेतलेली पीपीआय एकदम बंद केली तर आठ-पंधरा दिवस अॅसिड उसळतं. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करून देतात. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र दारूही घरच्या घरी एका दिवसात तोडू नये. हात थरथरणं, घाम, भास, फिट हे सहा ते बहात्तर तासांत येऊ शकतं आणि त्यावर पित्ताच्या गोळीचा काही उपयोग नाही. त्यासाठी रुग्णालयात औषधं देऊन दारू सोडवतात. कुठे जायचं ते १४४४६ या नशामुक्ती हेल्पलाइनवर विचारता येतं.